‘गॅस संपला’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हिवाळी पुरवणीत थंडीत घर उबदार ठेवण्याचा लेख आला होता. चांगला होता, खिडक्यांच्या फटी बुजवा, गाद्यांना ऊन द्या वगैरे सगळं बरोबर, पण मध्येच एक ओळ अशी टाकलीय की हॉट अँड कोल्ड एसी असेल तर सीझन सुरू व्हायच्या आधी मेकॅनिककडून गॅस भरून घ्यावा. ती ओळ वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, तुम्ही कापालच.

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, वापरलं आणि संपलं असं व्हायला. तो बंद नळीत गोल गोल फिरत राहतो, कारखान्यात जेवढा भरला तेवढाच मशीन भंगारात जाईपर्यंत आत राहायला पाहिजे. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतंय, आणि गळती न शोधता वरून भरला तर महिन्या-दोन महिन्यांत परत जाणार, पैसेही जाणार. तुमचा पेपर इकडे घरोघरी जातो, पेपरात छापून आलंय म्हटल्यावर लोक लगेच फोन फिरवतात, आणि मग आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो, बिघाड असतो भलतीकडेच आणि भरला जातो गॅस.

आम्ही निफाडजवळ राहतो. दर जानेवारीत तुमच्याच पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापून येतो ना, तोच आमचा पारा. पाच-सहा अंश हे आम्हाला नवीन नाही, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात ते काही हौस म्हणून करत नाहीत. सासूबाईंचं वय झालंय, गुडघे आणि हाताची बोटं थंडीत आखडतात, म्हणून त्यांच्या खोलीत दीड टनाचा विंडो एसी बसवला, थंड आणि गरम दोन्ही करणारा. स्प्लिट का नाही असं सगळे विचारतात. तर खिडकीत आधीपासून एसीचं भोक होतं आणि बाहेरचं युनिट टांगायला गच्चीवर जायला शिडीसुद्धा धड नाही, म्हणून. आणि मी आयुष्यभर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी केली, मल्टिमीटर हातात धरायची सवय आहे, त्यामुळे गल्लीत कुणाचंही असलं मशीन रुसलं की आधी मला बोलावतात आणि मग मेकॅनिकला. तेव्हा जे लिहितेय ते बघून, हात लावून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. बाजारात ‘हॉट अँड कोल्ड’ या एकाच नावाखाली दोन वेगळी मशीनं मिळतात. एकात नुसती हीटरची कॉइल असते, म्हणजे उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात साधा हीटर. दुसरा खरा हीट पंप, तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणून टाकतो, उन्हाळ्यात जे करतो त्याच्या बरोबर उलट. बाहेर दहा अंश असले तरी हवेत उष्णता असतेच, आपल्याला ती जाणवत नाही एवढंच. ओळखायचं कसं, तर मशीनच्या बाजूला किंवा जाळीच्या मागे जी पट्टी चिकटवलेली असते त्यावर हीटिंग कपॅसिटी आणि हीटिंगची इनपुट पॉवर असे दोन आकडे वॅटमध्ये असतात. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर ती हीटरची कॉइल आहे. कपॅसिटी इनपुटच्या अडीच-तीन पट असेल तर हीट पंप. दीड टनाचा हीट पंप साधारण दीड-पावणेदोन किलोवॅट वीज खातो आणि सौम्य थंडीत खोलीत चार-साडेचार किलोवॅटची उष्णता सोडतो, बिलात फरक पडतो तो यानेच. दुकानदाराला विचारलं तर तो ‘एकच आहे हो मॅडम’ म्हणतो, एकच नाहीये. आणि वरच्या चांदण्या म्हणजे बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेचे स्टार बघून घेतलं असेल तर तेही लक्षात ठेवा की ते स्टार थंड करण्याच्या हिशोबाने दिलेले असतात, गरम करताना ते मशीन कसं चालेल याबद्दल ते काही सांगत नाहीत.

आता हीट पंप आहे असं धरून चालू. निम्म्या तक्रारी अशा असतात की त्यात बिघाड नसतोच.

हीटिंग लावलं आणि पंखा फिरतच नाही, मशीन बंद पडलं. ही तक्रार दर हिवाळ्यात येते. अहो ते मुद्दामच तसं केलेलं असतं, आतली कॉइल (हीटरची नव्हे, गॅस फिरतो त्या नळ्यांची जाळी) गरम होईपर्यंत पंखा सुरू करायचा नाही, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या अंगावर गार वारा येईल. दोन ते पाच मिनिटं थांबावं लागतं. त्यात आधी लाइट गेली असेल किंवा तुम्ही रिमोटने बंद-चालू केलं असेल तर कॉम्प्रेसर स्वतःच तीन मिनिटं थांबतो, म्हणजे सगळं मिळून सात-आठ मिनिटं शांतता. माणसं काय करतात, दर मिनिटाला रिमोट दाबतात, तो थांबा परत पहिल्यापासून सुरू होतो आणि मग म्हणतात चालतच नाही!

दुसरी तक्रार, चांगलं चाललं होतं आणि मध्येच गार पडलं, बाहेरच्या बाजूने वाफ येतेय, जळतंय का काय. पहाटे बाहेरचा पारा पाच-सात अंशांवर आला की बाहेरच्या कॉइलवर बर्फाचा पापुद्रा धरतो, कारण ती कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही गार असते. तो बर्फ वितळवायला मशीन थोडा वेळ उलटं चालतं नाहीतर साध्या मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर नुसता थांबतो, पाच-दहा मिनिटं आतला पंखा बंद राहतो, बाहेर पाणी ठिबकतं आणि थंड हवेत त्याची वाफ दिसते. परत आपोआप सुरू होतं. हे दर अर्ध्या-पाऊण तासाने व्हायला लागलं तर मात्र बघायला पाहिजे, बाहेरची जाळी तुंबलेली असू शकते. कॉइल बर्फाने पूर्ण लिंपली आणि वितळतच नाही असं झालं तर मशीन बंद करून दुपारपर्यंत सोडा, वरून गरम पाणी ओतू नका आणि स्क्रू ड्रायव्हरने खरवडू तर अजिबात नका, ती ॲल्युमिनियमची पातं आणि तांब्याची नळी, खरोखर गॅस जाईल तो अशानेच जाईल.

पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात एसीतून बाहेर पाणी पडतं हे सगळ्यांना माहीत असतं, हिवाळ्यात पडलं की लोक घाबरतात. हीटिंगमध्ये पाणी बाहेरच्या कॉइलवर धरतं, त्यामुळे बाहेर पडणं बरोबरच आहे. आत खोलीत पडलं तर मशीनचा उतार चुकलाय, मागची म्हणजे बाहेरची बाजू किंचित खाली असायला हवी, किंवा मागचं भोक पानांनी बुजलंय.

मग येतात त्या घरच्याघरी सुटणाऱ्या गोष्टी. रिमोटवर सूर्याचं चित्र दिसतंय का बघा, ऑटोवर ठेवलं तर मशीन स्वतःच्या मनाने ठरवतं. २०२० पासून नवीन एसी २४ अंशांवर सेट होऊन येतात, वीज वाचवायला ते चांगलंच आहे, पण हीटिंगमध्ये खोली २४ झाली असं मशीनला वाटलं की ते थांबणार, आणि ते वाटणं नेमकं गडबडीचं असतं कारण सेन्सर मशीनमध्येच, गरम हवा वर जाते आणि वरच्या वर फिरून सेन्सरला लागते, खाली पलंगावर माणूस कुडकुडतोय आणि मशीन म्हणतंय झालं काम. म्हणून हीटिंगला झडपा खालच्या दिशेला वळवायच्या, कूलिंगला वर. आमच्या घरात या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा सर्व्हिसिंगने पडला नाही.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा हे सगळे सांगतात म्हणून मी सांगत नाही. पण व्हेंटचं कुणी सांगत नाही! विंडो एसीला समोर, बटणांच्या जवळ किंवा जाळीच्या आत, एक छोटा दांडा नाहीतर खटका असतो, खोलीतली हवा बाहेर टाकण्यासाठी. उन्हाळ्यात कुणीतरी सिगरेटचा नाहीतर फोडणीचा वास घालवायला तो उघडतं आणि विसरतं. उघडा राहिला की कमावलेली गरम हवा रात्रभर बाहेर. शेजारच्या वहिनींच्या मशीनला ‘दम नाही’ अशी तक्रार होती, बघितलं तर व्हेंट उघडा आणि मशीनच्या कडेने लाकडी फ्रेममध्ये बोट जाईल एवढी फट. व्हेंट बंद केला, फटीत फोमची पट्टी ठोसली, संपला विषय.

आणि बाहेरची बाजू. पारव्यांची घरटी, धूळ, बागेतल्या फवारणीचा थर, वाळकी पानं. उन्हाळ्यात ही बाजू उष्णता बाहेर टाकते, हिवाळ्यात तीच बाहेरून गोळा करते, म्हणजे तिथे हवा खेळली नाही तर गोळा काय करणार. बाहेरून ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने स्वच्छ होते, प्लग काढून, आणि पहिल्या मजल्यावर असाल तर स्वतः खिडकीबाहेर लोंबकळून करू नका, त्यासाठी माणूस बोलवा आणि त्याला पैसे द्या, हे पैसे वसूल होतात.

एक सेन्सरचं सांगते कारण ते फार मजेशीर असतं. जाळी आणि फिल्टर काढला की आतल्या कॉइलच्या पुढे एक काळा नाहीतर तांब्याच्या टोकाचा मणी बारीक वायरला लटकलेला दिसतो, प्लास्टिकच्या क्लिपमध्ये. फिल्टर काढता-घालताना तो क्लिपमधून निसटतो आणि कॉइलला टेकतो. मग हीटिंग सुरू झालं की दोन मिनिटांत त्याला खोली चाळीस अंश वाटते आणि मशीन बंद. परत सुरू, परत बंद. यावर मशीनचा सर्किट बोर्ड बदलायला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय, आणि तो मणी बोटाने परत क्लिपमध्ये बसवल्यावर मशीन रात्रभर चाललं. अर्थात हे करताना प्लग काढलेला हवा, नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही.

विजेचा भाग मात्र हलक्यात घ्यायचा नाही. हिवाळ्यात पहाटे सगळ्यांचे गिझर एकदम लागतात, एकाच डीपीवर सगळी गल्ली, व्होल्टेज बसतं. २३० च्या जागी १८० च्या आसपास आलं की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, ‘हुंऽऽ’ असा आवाज करतो, तापतो आणि ट्रिप होतो, थोड्या वेळाने परत तेच. स्टॅबिलायझर असेल तर त्याचा आकडा बघा, पहाटेचा आणि दुपारचा, दोन्ही लिहून ठेवा. दुपारी छान चालतं आणि पहाटे चालत नाही अशी तक्रार असेल तर मेकॅनिकच्या आधी महावितरणकडे जायला पाहिजे, कारण मेकॅनिक येणार दुपारी, तेव्हा मशीन ठणठणीत. प्लगला हात लावून बघा (मशीन बंद करून), गरम लागला किंवा पिन काळी पडली असेल तर सॉकेट बदला, एसीला साधा सोळा अँपिअरचा जुना ढिला सॉकेट पुरत नाही, वेगळी लाइन आणि एमसीबी पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यापुढे हात जोडते. व्होल्टेज नीट असून कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि सुरू होत नाही तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो, तो डबीसारखा भाग फुगलेला दिसतो, स्वस्त असतो, पण तो प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो आणि चांगला झटका देतो, तेव्हा केसिंगच्या आत घरच्यांनी हात घालायचा नाही. मशीन लावल्या लावल्या घराचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडत असेल तर तो परत परत वर करून बघू नका, करंट कुठेतरी बॉडीत उतरतोय.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं. उन्हाळ्यात छान थंड करणारं मशीन हिवाळ्यात गरम करत नाही. मेकॅनिक येतो, झडपांसमोर हात धरतो, बाहेरून नळी चाचपतो आणि म्हणतो, ‘काकू, गॅस गेलाय.’ एवढंच. मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा निघत नाही.

हीट पंपात आणि साध्या एसीत खरा फरक असतो तो एका भागाचा, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, काही जण फोर-वे व्हॉल्व्ह म्हणतात. पितळेचं आडवं नळकांडं, त्याला एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने तीन नळ्या, आणि वर एक छोटी विजेची कॉइल. आत एक सरकती पट्टी असते. कॉइलला करंट मिळाला की पट्टी एका बाजूला सरकते आणि गॅसची दिशा बदलते, गरम गॅस बाहेर जायच्या ऐवजी आतल्या कॉइलकडे येतो. गॅस तोच, कॉम्प्रेसर तोच. मग सांगा, तोच गॅस थंड करायला पुरतो आणि गरम करायला पुरत नाही, असं कसं होईल?

हे घरी तपासता येतं, काही न उघडता. दुपारी खोली चोवीस-पंचवीस अंश असताना मशीन कूलिंगवर लावा, १६ किंवा १८ ला, दहा मिनिटं. हवा चांगली गार आली म्हणजे गॅस जागेवर आहे, फार तर उन्नीस-बीस. आता बंद करा, पाच मिनिटं थांबा, हीटिंगवर लावा आणि कान देऊन ऐका. कॉम्प्रेसर सुरू झाला की आतून ‘टक्’ असा आवाज आणि पाठोपाठ ‘फुस्स’ असा मोठा सुस्कारा आला पाहिजे. काही मशीनमध्ये टक् आधी येतो, चालतं. टक् आला आणि फुस्स नाही, हवा गारच, म्हणजे पट्टी अडकलीय, उन्हाळाभर एका जागी बसून बसून अडकते. टक् सुद्धा नाही म्हणजे कॉइलला करंट पोचत नाही किंवा कॉइल जळलीय किंवा बोर्डातला रिले (तो करंट चालू-बंद करणारा स्विच) गेलाय. आणि दोन्ही बाजूंनी अर्धवट, ना धड थंड ना धड गरम, कॉम्प्रेसर मात्र तापतोय, असं असेल तर व्हॉल्व्ह आतल्या आत गळतोय असंही असू शकतं, गॅस कमी असंही असू शकतं, तिथे खरं मीटर लागतं.

अडकलेला व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन हलके ठोके देऊन सोडवतो, मशीनला कूलिंग-हीटिंग असं दोन-चारदा फिरवतो. आमच्या ओळखीत एका घरी असाच सुटला, त्या मुलाने ठोका दिला आणि फुस्स ऐकू आल्यावर तो स्वतःच हसला, म्हणाला मॅडम इकडे असली मशीनं फार येत नाहीत हो, आम्ही सगळं आयुष्य कूलिंगच केलंय. हे खरं आहे. आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, पोरं शिकून येतात, पण महाराष्ट्रात हाताखालून जातात ते एसी उन्हाळ्यातले. सुटलेला व्हॉल्व्ह परत अडकू नये म्हणून आम्ही काय करतो, महिन्यातून एकदा, मे महिना असला तरी, मशीन काही मिनिटं उलट मोडवर चालवतो. कॉइल जळली असेल तर नुसती कॉइल बदलता येते, एक स्क्रू असतो, गॅसला हात लावावा लागत नाही. पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा असेल तर मोठं काम, नळ्या कापून परत डाग द्यायचा, जुन्या मशीनला ते परवडत नाही, तेव्हा सरळ तसं सांगावं मेकॅनिकने, लोक ऐकतात.

गॅसबद्दल शेवटचं. स्प्लिट एसीत बसवताना नट आवळून जोड केलेले असतात, तिथून गळू शकतं. विंडो मशीन कारखान्यातून सगळ्या नळ्या डाग देऊन बंद करूनच येतं, बहुतेकांना गॅस तपासायला व्हॉल्व्हसुद्धा ठेवलेला नसतो. म्हणजे ‘जरा प्रेशर बघतो’ म्हणून सुई टोचली किंवा नळी कापून पिन लावली की जिथे गळती नव्हती तिथे एक जोड तयार झाला. म्हणून विंडो मशीनमध्ये गॅसवर संशय सगळ्यात शेवटी यायला हवा आणि आपल्याकडे येतो सगळ्यात आधी. आधी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर, लावा, मशीन किती अँपिअर घेतंय ते बघा आणि पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा. गॅस कमी असेल तर करंटही कमी दिसतो. झडपेतून येणारी हवा आणि खोलीची हवा यात किती अंशांचा फरक आहे ते साध्या थर्मामीटरने बघा, मशीन पंधरा मिनिटं चालल्यावर बारा-पंधरा अंश तरी जास्त हवेत. बाहेरच्या कॉइलवर बर्फ सगळीकडे सारखा धरतोय की एकाच कोपऱ्यात, तेही सांगतं.

आणि खरंच गॅस गेलेला निघाला तर काम रीतसर व्हावं. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती शोधायची, डाग द्यायचा, व्हॅक्यूम पंप लावून नळी कोरडी करायची आणि मग पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. ‘अंदाजाने’ भरलेला जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरला मारतो. शिवाय आता नवीन मशीनमध्ये आर-३२ असतो, तो थोडा का होईना पण पेट घेणारा आहे, आर-४१० ए हे दोन गॅसचं मिश्रण आहे, आर-२२ जुना, ओझोनला मारक म्हणून बंद होत चाललेला. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही, आणि आर-३२ नळीत असताना त्याच नळीला ज्योत लावणारा मेकॅनिक घरात नको. कुठला गॅस ते पट्टीवर छापलेलं असतं, वाचून घ्या आणि त्याच्या हातातला सिलेंडरही वाचा.

माझं म्हणणं मेकॅनिक लबाड आहेत असं मुळीच नाही. त्यांना एका दिवसात आठ घरं करायची असतात, गॅस भरला की बिल होतं आणि सेन्सर क्लिपमध्ये बसवला तर शंभर रुपये द्यायला आपणच कुरकुरतो, ‘एवढंसं तर केलं’ म्हणून. तिथे आपलंही चुकतं. जो मीटर लावून ‘तुमच्या मशीनला काही झालेलं नाही’ असं सांगतो त्याला पूर्ण व्हिजिटचे पैसे द्या. आणि जो गॅस भरतो त्याच्याकडून बिलावर तीन-चार आकडे लिहून घ्या, व्होल्टेज, अँपिअर, हवेचा फरक, किती ग्रॅम भरला आणि गळती कुठे सापडली. लिहायला सांगितलं की निम्म्या वेळा गॅस आपोआप ‘पुरेसा’ होतो, हा अनुभव आहे. लिहून द्यायला नकार दिला आणि पैसे मात्र घेतले तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार घेतात.

कंपन्यांना दोन गोष्टी. एक, माहितीपुस्तिका मराठीत द्या, निदान एरर कोडचं पान तरी. डिस्प्लेवर ई-१ की एफ-२ असं काहीतरी येतं आणि त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा, पुस्तिका इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, म्हणजे दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे हे तत्त्व तरी सरकारला मान्य आहे, पण ज्या बाईच्या खोलीत मशीन आहे तिला वाचता आलं पाहिजे ना. दोन, ही मशीनं गरम हवेसाठी विकताना किती अंशांपर्यंत चालतात ते खोक्यावर मोठ्या आकड्यात छापा. साधी नॉन-इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणारी, मशीनं पाच-सात अंशांच्या खाली धापा टाकतात, हे विकताना कुणी सांगत नाही. माझी भाची अमेरिकेत असते, तिकडे न्यूयॉर्कच्या सरकारी घरांसाठी २०२२ मध्ये ३० हजार विंडो हीट पंपांची योजना जाहीर झाली, सात कोटी डॉलरची, खिडकीच्या उंबऱ्यावर खोगिरासारखे बसणारे आणि साध्या प्लगवर चालणारे, आधी क्वीन्समधल्या वुडसाइड हाउसेस या वसाहतीत लावून बघितले. तिथली थंडी शून्याच्या कितीतरी खाली, तरी चालतात, कारण ते त्या थंडीसाठीच बनवलेत. आपल्याकडे मिळणारं मशीन सौम्य थंडीसाठी आहे, निफाडच्या सगळ्यात वाईट पहाटेसाठी नाही, आणि त्या पहाटे खोली सोळा-सतरावरच अडकली तर तोही बिघाड नव्हे. अशा दिवसांत संध्याकाळी भिंती गार व्हायच्या आधीच, दिवेलागणीला मशीन लावावं, दार बंद ठेवावं, जाड पडदा सोडावा पण मशीनवर येऊ देऊ नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन मात्र झोपू नये, हे तुमच्या लेखात होतं ते फार चांगलं केलंत.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती गॅसची ओळ दुरुस्त करून छापावी. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर स्टार, न्यूयॉर्क, व्हेंट काय हवं ते कापा, पण टक् आणि फुस्सचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली नियमित वाचक,
निफाड, जि. नाशिक